दोन्ही टापेट बरोबर

मला आमच्या मिस्त्रीने फसवलं. त्याने माझ्या मोटारसायकलचे दोन्ही टापेट सारखे करून दिले आणि वर म्हणाला, की मीच तसं सांगितलं होतं. गाव हसलं. ज्या एका माणसाला खरं काय ते माहीत होतं, तो गप्प राहिला. बऱ्हाणपुरात ही गोष्ट अजून विनोद म्हणून सांगतात आणि त्या विनोदात माझी बाजू येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

राज्यांची नवी वाटणी झाली, ती वर्षं. आमचे सरकारी कागद नागपूरहून यायचे, ते भोपाळहून यायला लागले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. माल आधीसारखाच दिल्लीकडे जात होता. मी तेव्हा केळीचा दलाल होतो, म्हणजे बागवाल्याचा माल मोठ्या व्यापाऱ्याच्या नावाने लागलेल्या रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून द्यायचा आणि मधे काय सुटेल ते घ्यायचं. त्याआधी आमच्या बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या स्टेशनवर मी घड वाहायचो. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. माझ्या त्या वेळच्या सगळ्या सदऱ्यांचे खांदे काळे होते. वडिलांनी काही ठेवलं नव्हतं आणि सासऱ्याने काही दिलं नव्हतं. जे झालं ते मी भाव करून मिळवलं. भाजीवालीशी भाव केला, बागवाल्याशी केला, स्टेशनातल्या मालबाबूशी केला. भाव करणं म्हणजे फसवणं नाही. समोरचा नाही म्हणू शकतो.

फटफटीही भाव करूनच घेतली. फौजेतून परत आलेल्या एका ड्रायव्हरने ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. हिरव्या रंगाची, जड, आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाईल असा. बाकीचे दलाल सायकलवर फिरायचे. ते निंबोल्याला पोचेपर्यंत मी तिथला सौदा आटपून शाहपूरच्या रस्त्याला लागलेला असायचो. माझा धंदा त्या गाडीवर होता. ती बंद, तर मी बंद.

टापेट मी स्वतः करायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या इंजिनात दोन व्हॉल्व्ह. एक हवा आणि पेट्रोल आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. प्रत्येकाच्या दांडीखाली टापेट असतो, तो दांडीला खालून वर ढकलतो. दांडी आणि टापेट यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. धूर सोडणारा जास्त तापतो, म्हणून त्याची फट जास्त. फट मोठी राहिली तर टकटक वाजतं, पण गाडी चालते. फट कमी पडली तर आवाज येत नाही, कानाला बरं वाटतं, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग दम निघून जातो. तसंच रेटलं तर व्हॉल्व्हची कड जळते.

फौजी ड्रायव्हरने गाडीबरोबर मला दोन पोलादी पट्ट्या दिल्या होत्या, एक पातळ आणि एक जाड. "पतली अंदर, मोटी बाहर," एवढंच त्याने शिकवलं. आत घेणाऱ्याला पातळ, बाहेर सोडणाऱ्याला जाड. सकाळी इंजिन रात्रभराचं गार असताना मी ओट्यासमोर गाडी उभी करायचो, बाजूचं झाकण काढायचो, पट्टी फटीत सरकवायची, पाने फिरवायचे. पट्टी निघताना किंचित अडली पाहिजे, दाताखाली पेरूची बी अडते तशी. तेवढं झालं की नट आवळायचा. आवळताना फट परत बदलते, मग परत करायचं. चिडका माणूस आहे मी, पण या कामात मी कधी चिडलो नाही. सकाळचा तेवढा वेळ माझ्याशी कुणी भाव करत नसे.

मग मला स्वतःच्या नावाने वॅगन मंजूर झाली. स्टेशनात अर्ज टाकून किती महिने गेले होते, ते जाऊ द्या. नाव वर आलं. आता कधीही निरोप येणार, वॅगन लागली म्हणून. त्या दिवशी ठरलेल्या वेळेत हजर राहून भरायला घेतली की मी व्यापारी. हजर नसलो की वॅगन पुढच्या नावाला, आणि माझं नाव पुन्हा तळाशी. मोठ्या व्यापाऱ्यांना माझं नाव तळाशीच बरं होतं.

त्याच सुमारास राजघाटावर गुरुजी भेटले. आमचे चौथीचे मराठीचे गुरुजी. ते रोज सकाळी तापीवर अंघोळीला यायचे. मी टापेट करून आलो होतो आणि नदीच्या रेतीने हात घासत होतो.

"काय रे, तुझ्या नावाची वॅगन लागणार म्हणे?"

"हो गुरुजी, आपल्या आशीर्वादाने."

"माझ्या आशीर्वादाने काही होत असतं तर मी मास्तर राहिलो असतो का?" मग माझ्या नखांकडे पाहून म्हणाले, "दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी हात मिळवशील तो हा का? मिस्त्री कशाला आहे गावात? तुझ्याच बाकावरचा तर आहे."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "इतके दिवस तुम्हीच करत होता ना, काय वाईट होतं? आणि तो नीट करेल याचा काय भरवसा?"

"गुरुजी म्हणाले."

"गुरुजींकडे सायकल आहे," ती म्हणाली.

मिस्त्री खरोखरच माझ्या बाकावरचा. त्याच्या घरी हिंदी बोलायचे, त्याची आई माळव्याकडची, पण तो आमच्याबरोबर मराठी शाळेत शिकला. कविता त्याला माझ्यापेक्षा लवकर पाठ व्हायची. मंडईच्या मागे त्याचं गॅरेज होतं. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा गुरुजी तिथेच बाकड्यावर बसले होते, सायकलचं पंक्चर काढून घेत होते. हे लक्षात ठेवा.

मिस्त्रीने मजुरी सांगितली. मी अर्धी सांगितली. मी नेहमी अर्धी सांगतो. मग समोरचा चिडतो, मुलाबाळांच्या शपथा घेतो, मी उठून निघतो, तो परत बोलावतो आणि मधे कुठेतरी जमतं. तो चिडला नाही.

"ठीक आहे शेठ. तू म्हणशील ते," तो म्हणाला.

"शेठ कोणाला म्हणतोस?"

"वॅगनवाल्याला और क्या म्हणू, भो?"

गुरुजी हसले. मीही हसलो. मग मी म्हणालो, आणि माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात: "इंजिन गार झाल्यावर सकाळी हात लाव. दोन्ही टापेट बरोबर करून ठेव. पट्ट्या पिशवीत आहेत."

"बराबर कर दूँगा. बेफिकर जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आणली. टकटक अजिबात नव्हती. त्याने तेलही बदललं होतं, मला वाटलं नव्या तेलाने आवाज दबला. पट्ट्या आणि पाने त्याच्याकडेच राहिले होते. "कल ले जाना," म्हणाला, कुणीतरी मागून नेले होते म्हणे. मी गाडी घरी आणली आणि हात न धुता जेवायला बसलो, कारण हात स्वच्छच होते.

त्यानंतरच्या सकाळी स्टेशनातून निरोप आला, वॅगन लागली. दुपारी बारापर्यंत हजर राहायचं. उन्हाळा होता. मी लगेच शाहपूरला निघालो. तिथल्या एका बागवाल्या काकांचा माल मी धरून ठेवला होता. गाडी तापी ओलांडून सपाट रस्त्याला लागली आणि मी तिला पूर्ण सोडली. काका बागेच्या तोंडाशीच उभे होते.

"आज का?"

"आजच. कापा."

कापणी सुरू झाली. बैलगाड्या जुंपल्या. घडांवर केळीची सुकी पानं टाकली, की ऊन लागू नये. काकांनी चहा पाजला. पहिल्या गाड्या निघाल्या तेव्हा मी फटफटीला किक मारली.

किक पोकळ गेली.

ज्याने कधी मारली असेल त्याला कळेल. चांगल्या इंजिनाची किक पायाला उलट ढकलते. ही हवेत गेल्यासारखी खाली गेली. पुन्हा मारली, पुन्हा तशीच. मला तिथेच समजलं. धूर सोडणारा व्हॉल्व्ह तापून वाढला होता आणि त्याला मिटायला जागा नव्हती. झाकण काढून पाहायला पाने नव्हते. पट्ट्या नव्हत्या. काका म्हणाले, "जरा थंड होऊ दे." दुसरं करण्यासारखं नव्हतंच.

गार झाल्यावर ती सुरू झाली. मी निघालो. पुढे गेलेल्या माझ्या बैलगाड्या ओलांडल्या, तेवढ्यात सर्व्हिसची मोटार, म्हणजे बस, मागून येऊन पुढे निघून गेली. कंडक्टर दारात उभा होता, त्याने हात केला. मी हात केला नाही, गाडी चालू होती. थोडं पुढे गेल्यावर इंजिन फटफट करून सायलेन्सरमधून शिंकायला लागलं आणि बंद पडलं. रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो. वाट पाहिली. सुरू झाली. बंद पडली. पुन्हा बसलो.

तिथे मला राग यायला हवा होता. मला राग लवकर येतो. बायको म्हणते, दूध उतू जातं तसा येतो, आधी दिसतोही. त्या मोरीवर मी रागाची वाट पाहत बसलो होतो असं म्हटलं तरी चालेल. तो आला नाही. डोक्याच्या जागी कापूस भरल्यासारखं झालं होतं. समोर कुणाचं तरी कपाशीचं मोकळं शेत होतं, जुन्या पऱ्हाट्यांचे ढीग घातलेले, आणि मी त्या ढिगांकडे पाहत होतो. इंजिन गार होताना टिकटिक असा आवाज करत होतं. किती वाजले असतील याचा विचारसुद्धा मनात येत नव्हता.

मग मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माझ्याच गाड्या. माझीच केळी. पहिल्या गाडीवानाने बैल थांबवले.

"शेठ, बसता का वरती?"

"नाही. होईल सुरू."

"होईन, होईन," तो म्हणाला. "आमचं बी रोज असंच राहते, पण आमचं इंजिन चारा खाते." मागचे गाडीवान हसले. त्याने शेपट्या पिळल्या आणि गाड्या पुढे गेल्या. माझा माल माझ्यासमोरून जाताना मी पाहिला आणि मला काहीही वाटलं नाही. सुकी पानं उडत होती. एक घड थोडा उघडा पडला होता, तो झाकायला सांगावं असं मनात आलं, पण मी ओरडलो नाही.

शेवटी गाडी ढकलत नदीपर्यंत आणली, एका ओळखीच्याकडे ठेवली आणि टांगा करून स्टेशन गाठलं. मालबाबू म्हणाला, "आप आए नहीं। दूसरे नंबर को दे दी।" दुसरा नंबर कोणाचा ते सांगत नाही. त्याच्या पेढीवर मी दलाली केली होती. त्याची माणसं वॅगनमध्ये पानं अंथरत होती. माझ्या गाड्या पोचल्या, तेव्हा मला तो माल त्यालाच विकावा लागला, कारण कापलेला घड परत झाडाला लागत नाही. त्याने भाव सांगितला आणि मी भाव केला नाही. आयुष्यात तो एकच सौदा मी बोलल्याशिवाय केला. त्यालाही ते विचित्र वाटलं असावं. तो दोनदा म्हणाला, "बोला ना, काही तरी बोला."

दुसऱ्या दिवशी मी उसने पाने आणून झाकण काढलं. दोन्ही फटी अगदी सारख्या होत्या, आणि दोन्ही पातळ पट्टीच्या. व्हॉल्व्ह बाहेर काढला तर धूर सोडणाऱ्याची कड एका बाजूला खाल्ली गेली होती. तो जळका व्हॉल्व्ह मुठीत घेऊन गॅरेजवर गेलो. चार माणसं होती. तो एका स्कूटरखाली झोपून काम करत होता.

"हे काय केलंस?"

तो बाहेर आला, हात पुसले, व्हॉल्व्ह पाहिला. "जल गया."

"दोन्हीला पातळ पट्टी लावलीस."

"तूच तर बोला होता ना, दोनों बराबर करो. बराबर किए. एक का एक."

"मी बरोबर म्हणालो. बरोबर म्हणजे नीट. जसं पाहिजे तसं."

"वो मराठी में होता होगा, शेठ."

"तू माझ्या बाकावर बसून चौथी मराठीत पास झालास!"

"पास कहाँ हुआ, यार," तो म्हणाला, "तेरी पाटी देखके लिखा था."

चौघेही हसले. हसण्यासारखंच होतं ते. मी हात उगारणारा माणूस आहे हे गावाला माहीत आहे आणि ते हसता हसता माझ्या हाताकडे पाहत होते. हात खालीच राहिला. मी पट्ट्या आणि पाने मागितले. त्याने दिले. मी घरी आलो. त्या दिवसापासून मंडईत मला 'बराबर शेठ' म्हणायला लागले. अजून म्हणतात. ज्यांचा जन्म नंतर झाला, तेही म्हणतात.

आता कुणी म्हणेल, गैरसमज झाला असेल. दोन भाषांचं गाव आहे, होतं असं. मीसुद्धा तसंच म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात त्याने एका डॉक्टरांच्या मोटारसायकलचं काम केलं होतं. मी जाऊन डॉक्टरांना विनंती केली, झाकण उघडून पाहिलं. बाहेरच्याला जाड, आतल्याला पातळ. डॉक्टर हिंदी बोलतात. त्यांनीही त्याला "बराबर कर देना" म्हणूनच गाडी दिली होती. मी विचारून घेतलं. म्हणजे हिंदीत डॉक्टरांनी म्हटलं तर बराबरचा अर्थ नीट, आणि मराठीत मी म्हटलं तर बरोबरचा अर्थ सारखं. हा कुठला हिशेब?

आणि दुसरं. एका संध्याकाळी मी मंडईत भेंडी घेत होतो. पलीकडच्या ढिगाशी तो उभा होता, त्याला मी दिसलो नव्हतो. भाजीवाली तागडी धरून होती. तो तिला म्हणाला, "मावशी, काटा हलतोय बघ. बरोबर तोल गं, बरोबर."

बरोबर. ब-रो-ब-र. मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथेच त्याची कॉलर धरायला हवी होती. मी भेंडी घेतली आणि निघालो. भाव केला की नाही तेही आठवत नाही.

त्याने असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अर्ध्या मजुरीचा राग असेल. वॅगनचा असेल, आपल्या बाकावरचा शेठ होतो याचा. किंवा ज्याच्या नावाचा दुसरा नंबर होता, त्याने काही सांगितलं असेल, पण ते मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून म्हणत नाही. एक मात्र सांगतो. राज्य बदलल्यापासून गावात काही लोकांना मराठी ऐनवेळी कळेनाशी झाली होती. उधारी मागताना कळायची नाही, लग्नाच्या पंगतीत कळायची. त्याने ती युक्ती फक्त गॅरेजमध्ये आणली.

मी गुरुजींकडे गेलो. ते ओसरीवर बसून हिंदीचं पुस्तक वाचत होते. शाळेत त्यांना आता हिंदी शिकवायला दिलं होतं आणि ते मुलांच्या एक धडा पुढे राहण्यासाठी घरी अभ्यास करायचे. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "गुरुजी, आपण तिथे बसला होता. आपण ऐकलंत. त्याला मराठी येतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? मंडईत चार लोकांसमोर एकदा एवढं म्हणा."

त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "शब्दाला दोन अर्थ असतात, बाळ," म्हणाले. "आणि आता आपण इकडच्या बाजूला आहोत. जुळवून घ्यावं लागतं."

"मी कुणाशी जुळवून घेऊ? व्हॉल्व्हशी?"

ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांनाही माझ्यासारखंच काहीच वाटेनासं झालं होतं. गुरुजींच्या घरच्या बाईंनी आतून पाणी आणलं. मी ते पिऊन उठलो.

नवा व्हॉल्व्ह मुंबईहून आला तेव्हा पावसाळा लागला होता. तो मी बसवला. तेव्हापासून टापेट मीच करतो आणि दिल्लीवाल्यांशी हात मिळवायची वेळ आली नाही, कारण त्यानंतर माझ्या नावाची वॅगन लागली नाही. नाव वर येईपर्यंत नियम बदलायचे. मी दलाल आहे. जेवायला मिळतं. रस्त्यात तो मिस्त्री भेटला तर "काय शेठ" म्हणतो आणि मी मान हलवतो. त्याच्याकडून मला काही नको. तो सांगणार नाही, आणि सांगितलं तरी हसून सांगेल.

मी गुरुजींना विचारतो. ते आहेत अजून. ऐकू कमी येतं, पण वाचता येतं, म्हणून हे लिहिलं. गुरुजी, मला शब्दाचे अर्थ नका सांगू. मला एवढंच सांगा: तुम्ही शिकवलेल्या त्या मुलाला, त्या दिवशी, तुमच्यासमोर, मी काय म्हणालो ते कळलं होतं की नव्हतं? मंडईत उभं राहून सांगा. हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण उत्तर द्या.